जमावाला डोकं असतं

2018 च्या जूनमध्ये माझ्या फोनवर एक चित्रफीत आली. मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यात खेळणारं पोर उचलून पसार होतात. मी ती घरच्या गटात टाकली आणि खाली लिहिलं, ‘पोरांवर लक्ष ठेवा.’ 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून लोकांनी पकडलं आणि ठार मारलं. माझ्याकडे आलेली चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली होती. शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि इशारा देतात. तेवढा तुकडा कुणीतरी कापून टाकला होता.

तेव्हापासून कारंज्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या टपरीवर हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं येतं: “गर्दीले डोकं नसते, भाऊ.” बोलणारा मनाने वाईट नसतो. त्यालाही झालं ते आवडलेलं नसतं. पण हे वाक्य मला मान्य नाही. ते मारणाऱ्याला सोडवतं, पाहणाऱ्याला सोडवतं आणि मलाही सोडवतं.

वाक्य जुनं आहे. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने 1895 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं: माणूस गर्दीत शिरला की त्याची अक्कल विरघळते, उरते ती जनावराची वृत्ती. मग राईनपाड्याकडे नीट पाहा. भान सुटलेल्या गर्दीने भर बाजारात हाताला लागेल त्याला झोडपलं असतं. या गर्दीने निवडून मारलं. ज्यांचा त्या गावात कुणी नातलग नव्हता, जामीन राहील असा ओळखीचा नव्हता, अशा पाच जणांनाच मारलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. जिथे दाखले मिळतात, त्या खोलीत. कुणाला मारलं तर आपल्याला कुणी विचारणार नाही, हा हिशेब डोक्याशिवाय होत नाही.

विदर्भातल्या माणसाला तर हे सांगायची गरज पडू नये. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. प्रेतं कालव्यात सापडली. त्या महिन्यात झालेल्या एका मारहाणीची साक्ष मायलेकींनी दिली होती. त्या प्रकरणातल्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव त्यांच्या दाराशी आला. ही भिरभिरलेली गर्दी होती काय? तिला घर माहीत होतं, माणसं माहीत होती, कारण माहीत होतं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली; 2010 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा मात्र लागू झाला नाही, हा सूड मानला गेला. सूड असेलही. पण एका बौद्ध कुटुंबावर असा सूड उगवला तर गाव तोंड उघडणार नाही, ही खात्री जातीने दिलेली होती. आणि जे मोबाईलला दोष देऊन मोकळे होतात, त्यांनी लक्षात घ्यावं की 2006 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

दुसरी पळवाट म्हणजे ‘ती माणसंच तसली.’ याला उत्तर द्यायला मला आमच्या शेजारच्या आष्टीला जावं लागतं, आणि जड मनाने जावं लागतं. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. लोक ठाण्यावर गेले, गोळीबारात माणसं पडली आणि मग जमावाच्या हातून पोलीसही मेले. त्या गावाला आपण आष्टी शहीद म्हणतो. हुतात्म्यांपुढे मीही हात जोडतो. खैरलांजी आणि आष्टी एका पारड्यात घालण्याचं पाप मी करणार नाही. इथे समोर परक्या सत्तेची बंदूक होती, तिथे निःशस्त्र बायका-पोरं. पण आष्टीचे ते हात शेतकऱ्यांचे होते. त्यांना राक्षस म्हणायला कारंज्यात कुणी धजणार नाही. मग माणूस मारायला राक्षस असावं लागत नाही, एवढं तरी कबूल करा.

तेच वर्ष, पोलंडमधलं युझेफुफ गाव. 13 जुलैच्या सकाळी जर्मन राखीव पोलिसांच्या तुकडीला ज्यूंना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला. ही मध्यमवयीन, बायका-मुलं असलेली, पुष्कळशी हाम्बुर्गची माणसं. त्यांच्या मेजरने, ज्याला हे जमणार नाही त्याने बाजूला व्हावं, असं सांगितलं. पाचशेच्या आसपास माणसांतून सुरुवातीला डझनभर बाहेर आले. बाहेर आलेल्यांना शिक्षा झाली नाही. क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने हे 1992 मध्ये मांडलं, आणि ते वाचल्यापासून ‘हुकूम होता’ या सबबीवरचाही माझा विश्वास उडाला आहे.

मग माणसं मारायला का जातात? माझं उत्तर असं: त्यांना परवानगी मिळते म्हणून. ती कागदावर नसते. आपल्यातल्या मानाच्या माणसाने पहिला हात उचलला, शेजाऱ्याने मान डोलावली, बाकीचे गप्प बसले, की झाली परवानगी. द्वेष लागतोच, भीतीही लागते. पण निव्वळ द्वेष करणारा घरी बसून चरफडतो. तो बाहेर पडतो तेव्हा त्याला आपल्या माणसांत नाक वर ठेवायचं असतं. 1994 मध्ये रवांडात शेजाऱ्याने शेजाऱ्याला कोयत्याने तोडलं. स्कॉट स्ट्रॉस यांनी तिथल्या तुरुंगांतल्या 210 मारेकऱ्यांशी बोलून पाहिलं, तर युद्धाच्या भीतीइतकाच आपल्याच गावकऱ्यांचा दाब वारंवार पुढे आला.

परवानगी दिली जाते, म्हणजे ती नाकारताही येते. आष्टीच्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला आणि नंतर तिथल्या बायकांवर शिपायांनी अत्याचार केले. बातम्या दाबल्या गेल्या, चौकशी होईना. तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. एक माणूस 63 दिवस अन्नाशिवाय राहिला आणि चिमूर हे नाव सरकारला पुसता आलं नाही.

मला 63 दिवस उपाशी राहणं जमणार नाही. राईनपाड्याची बातमी वाचली त्या रात्री मी गटात लिहिलं की चित्रफीत खोटी होती, मी न तपासता टाकली, माझं चुकलं. पुतण्याचा फोन आला: “काका, मी पण ती सतरा जणांना पाठवली. आता काय करू?” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून एकेकाला फोन लावले. काही जण हसले, काहींनी विषय बदलला. तळेगावकडच्या एकाने विचारलं, “मग काल आमच्या गावात दोघं आले होते, ते कोण?” माझ्या पोटात गोळा आला. त्यांना काही केलं का, असं मी विचारलं.

“नाही. पोट्टे जमले होते. पण आजीनं पीठ घातलं त्यांच्या झोळीत, अन् पोरांईले म्हणे, व्हा रे घरी. मंग गेले सारे.”