जर्मनीच्या रेसट्रॅकवर कुणीही गाडी पळवू शकतं, मग मुंबई-गोवा हायवेवर पळवली तर काय बिघडलं?

मुंबईहून मालवणला गाडी घेऊन आलेल्या कुणालाही विचारा. रायगड-रत्नागिरीत खड्डे, डायव्हर्जन आणि अर्धवट पूल झेलून माणूस वैतागलेला असतो. मग खारेपाटण येतं, सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो आणि समोर मोकळा चौपदरी रस्ता दिसतो. इथून पत्रादेवीपर्यंत, म्हणजे गोव्याच्या हद्दीपर्यंत, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो.

मग रील पडतं. स्पीडोमीटरचा काटा १४० वर, मागे गाणं, आणि खाली हमखास एक कमेंट: "जर्मनीत नुर्बुर्गरिंगवर कुणीही तिकीट काढून गाडी पळवतो. आपल्याकडेच सगळ्याला बंदी."

यातली पहिली गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच आहे.

नुर्बुर्गरिंग म्हणजे नेमकं काय?

जर्मनीच्या आयफेल डोंगररांगेत नुर्बुर्ग नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या भोवतीच्या जंगलातून १९२७ साली हा ट्रॅक सुरू झाला. त्याचा उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लायफे, जवळपास २०.८ किलोमीटर लांब आहे. सत्तरहून जास्त वळणं आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार. रेसर जॅकी स्टुअर्टने त्याला 'ग्रीन हेल', म्हणजे हिरवा नरक, असं नाव दिलं. १ ऑगस्ट १९७६ ला इथेच निकी लाउडाची गाडी पेटली आणि तो मरता मरता वाचला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लायफेवर परत झाली नाही.

शर्यती किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतील त्या दिवशी हा ट्रॅक लोकांसाठी उघडतो. पैसे भरायचे, स्वतःची गाडी आत घालायची, फेरी मारायची.

मग तिथे नियम नाहीत का?

इथेच कमेंटवाल्यांची गल्लत होते. लोकांसाठी उघडा असतो तेव्हा हा ट्रॅक कायद्याने 'शर्यतीचं मैदान' नसतो. तो असतो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता, आणि त्यावर जर्मनीचे वाहतूक नियम लागू असतात.

ओव्हरटेक फक्त डावीकडून. हळू जाणाऱ्याने उजवी बाजू धरायची. फेरीची वेळ मोजायला बंदी, कारण वेळ मोजली की शर्यत सुरू होते. गाडी चालवताना शूटिंगला बंदी. गाडीचा आवाज मर्यादेपेक्षा जास्त असेल तर आत घेत नाहीत. अपघात झाला तर ट्रॅक बंद होतो आणि रेलिंग तुटलं, गाडी ओढून न्यावी लागली तर बिल चालवणाऱ्याच्या नावावर. २०२५ पासून मोटरसायकलींना या खुल्या फेऱ्यांत प्रवेशच नाही.

म्हणजे ज्या जागेचा दाखला देऊन आपण रील टाकतो, तिथे ते रील काढणंच नियमाविरुद्ध आहे.

हायवे आणि ट्रॅकमध्ये खरा फरक कोणता?

फरक डांबराच्या दर्जाचा नाही. समोरून आणि बाजूने कोण येऊ शकतं, याचा आहे.

नॉर्डश्लायफेवर समोरून गाडी येत नाही. बाजूच्या वाडीतून कुणी रस्ता ओलांडत नाही. आत असलेला प्रत्येक जण धोका माहीत असताना, पैसे भरून आलेला असतो.

सिंधुदुर्गात हायवे गावांच्या मधून जातो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा किंवा काजूची बाग. कसाल किंवा झारापच्या तिठ्यावर एसटीतून उतरलेला माणूस रस्ता ओलांडतो. सर्व्हिस रोड नाही तिथे दुचाकीवाला लांबचा वळसा टाळायला उलट्या बाजूने येतो. हे चूकच आहे, पण रोज घडतं. रात्री दशावतार बघून घरी परतणारी माणसं असतात, गोव्याकडे जाणारे मासळीचे ट्रक असतात, डंपर असतात, रस्त्यात बसलेली गुरं असतात. यातल्या कुणीही तुमच्या शर्यतीचं तिकीट काढलेलं नसतं.

आता गणित बघू. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. समोर गुरू दिसलं आणि ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर संपले. वेग १४० असेल तर हेच अंतर ५८ मीटर होतं. त्यापुढे ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर जवळपास दुप्पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तुमचे रिफ्लेक्स कितीही भारी असले तरी हे गणित बदलत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे जास्त वेग हे कारण नोंदवलं गेलं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ शर्यतीबद्दल आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर कैद एका वर्षापर्यंत आणि दंड १०,००० पर्यंत जातो. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक अडकतो: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे फक्त रस्ता नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागाही त्यात येते. त्यामुळे "हायवेवर नको, किनाऱ्यावर थार पळवू" ही पळवाट नाही. शिवाय वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं ड्रायव्हरला दिसत नाही.

इन्शुरन्सचीही भानगड आहे. शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, ही अट नेहमीच्या पॉलिसीत असते. आपलंच रील आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतं.

मग हौस असणाऱ्याने करायचं काय?

हौस असणं गुन्हा नाही. आणि इथे लोकांची एक तक्रार रास्त आहे: कोकणात यासाठी जागाच नाही. एक पर्याय म्हणजे घाट चढून कोल्हापूर, जिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. मोठ्या ट्रॅकसाठी चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट गाठावा लागतो. तिथे ट्रॅक डे होतात, पण मालवणच्या पोराला ते परवडणं कठीण.

रस्त्यावर शर्यत होऊच शकत नाही असंही नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईत शहरातल्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. पण सरकारी परवानगीने, रस्ते बंद करून, बॅरियर लावून.

म्हणून मागणी करायचीच असेल तर दोन गोष्टींची करू. एक, पोरांना हेल्मेट घालून, प्रशिक्षकासमोर वेग अनुभवता येईल असा छोटा ट्रॅक कोकणाच्या जवळ असावा. दुसरी त्याहून तातडीची: हायवेवरच्या तिठ्यांना दिवे, सर्व्हिस रोड आणि पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग मिळावेत.

तोवर एवढं लक्षात ठेवा. खारेपाटण ते पत्रादेवी हे अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. १०० ऐवजी ८० ने गेलात तर पंधरा मिनिटं उशीर होतो. तेवढ्यात मालवणातली सोलकढी काही संपत नाही.