आरोग्यचर्चा : हाड सरकलें, स्नायूंचें काय?

एक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या कन्येचा मागें राहिलेला खालचा जबडा शस्त्रक्रियेनें पुढें घेतला, त्यास तीन महिने झाले. हाड उत्तम सांधलें असें शस्त्रवैद्य सांगतात. परंतु मुलीला अद्याप पोळीचा तुकडा नीट चाववत नाहीं, आणि घरांतील वडील मंडळींच्या मतें सारा खटाटोप व्यर्थ गेला.

एवढ्यावरून तसें म्हणतां येत नाहीं. ह्यूगो ओब्वेगेसर यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या व आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतींत जबड्याचें हाड दाढांच्या मागें उभें चिरून त्याच्या फांका एकमेकींवरून सरकवितात आणि स्क्रूंनीं किंवा धातूच्या पट्ट्यांनीं घट्ट बसवितात. हाडाची जागा अशी एका दिवसांत बदलते. त्यास चिकटलेल्या स्नायूंस मात्र जुन्याच लांबीची संवय असते. दांत आवळून कानशिलावर बोट ठेवावें, म्हणजे हे स्नायु कोठवर पसरले आहेत तें कळेल!

स्नायूचा तंतु म्हणजे सूक्ष्म खंडांची सांखळी. एकेक खंड मिलिमीटरच्या सुमारें चारशेंव्या भागाएवढा. सांखळी ताणली कीं प्रत्येक खंडाची पकड सैल होते व जोर घटतो. पुढें कांहीं आठवड्यांत तंतूच्या टोकांस नवे खंड जोडले जातात. १९७२ सालीं फ्रेंच संशोधकांनीं मांजराच्या पोटरीचा स्नायु ताणून प्लास्टरमध्यें ठेवला, तेव्हां खंड सुमारें एकपंचमांश वाढले. आंखडून ठेवला, तेव्हां दोनपंचमांश घटले. प्लास्टर काढल्यावर ते पूर्ववत् झाले.

हनुवटीखालील स्नायु मात्र जबड्यास मागें ओढूं पाहतात. जबडा पुढें घेतल्यावर तो किंचित् मागें येण्याचें हें एक कारण होय. पूर्वीं वरचे व खालचे दांत तारांनीं सुमारें सहा आठवडे बांधीत, त्यामुळें स्नायु निजून क्षीण होत. म्हणून आतां तोंड उघडण्याचा व्यायाम लवकर आरंभितात. तो शस्त्रवैद्यांनीं सांगितल्या वेळींच व तितकाच करावा. आपल्या हुशारीनें वाढवूं नये.

चावण्याचा जोर परतण्यास सहा महिने, पुष्कळदां वर्षही लागतें. दांतांची मिळवणी बदलूं लागली किंवा एका बाजूस ठणका वाढला, तर मात्र एक दिवसही न दवडतां शस्त्रवैद्यांस दाखवावें. तोंवर मेतकूट-भात व खिचडी, मग दुधांत कुस्करलेली पोळी. कडबोळीं आणि चकल्या यंदाच्या दिवाळींत इतरांनीं खाव्या.