कुंपण गावच्या हातचे, करार कागदावरचा



पातूरचा घाट ओलांडून अकोला-वाशीम रस्त्याने मेडशीकडे आले की रान आणि शेत यांच्यात एका धुऱ्याचेच अंतर उरते. कपाशी वर आली की रोही कोवळे शेंडे खुडतात. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे एका रात्रीत वावर आडवे करतात. वऱ्हाडात ज्वारीचा पेरा का घटला, याची कारणे विद्वान लोक भावात, मजुरीत आणि शहरी माणसाच्या जिभेत शोधतात. ती खोटी नाहीत. पण जागलीला कंटाळून ज्वारी सोडलेली घरेही आपल्या शिवारात आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. त्यात तारेचे किती आणि जागून काढलेल्या रात्रींचे किती, हे कोणी सांगेल काय?

म्हणून कुंपण ही आता बागायतदाराची हौस राहिलेली नाही. कोरडवाहू शेतकऱ्यालाही बियाण्यासारखाच तो खर्च लागू झाला आहे. खर्च आला की ठेकेदार आला, आणि ठेकेदार आला की फसगतीची वाट मोकळी झाली. त्या वाटेवरच आज आम्हाला बोलायचे आहे.

आमचे मत सरळ आहे. कुंपणाचे काम गावातल्या किंवा पंचक्रोशीतल्या कारागिराला द्यावे. यात गावकीचा उमाळा नाही, हिशेब आहे. कुंपण ज्या दिवशी उभे राहते त्या दिवशी संपत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब तिरपे करते. डुक्कर तारेखालून उकरते. रोही धडक देऊन पदर सैल करतो. दर पावसाळ्यानंतर ताण द्यावा लागतो, खांब ठोकावे लागतात. रंगीत फोटो दाखवून एकरी भाव सांगणारा शहरातला एजंट त्या वेळी फोन उचलेलच असे नाही. गावचा वेल्डर, गवंडी, तार ओढणारा मजूर हाकेच्या अंतरावर असतो.

हे काम त्यांना जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. काटेरी तार काही साहेबाच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. तिचे जे वाण जगभर चालले त्याचे पेटंट १८७४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने घेतले होते.

मात्र ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून तोंडी काम देऊ नये. आपला माणूस असला तर कागद जास्तच हवा, कारण बिनसले तर पैशाबरोबर संबंधही जातात. कागदावर काय असावे?

पहिले, माप. भाव एकरी ठरवू नये, धावत्या मीटरवर ठरवावा. चौरस पाच एकराला सुमारे ५७० मीटर कुंपण लागते. तेच पाच एकर ५० मीटर रुंदीच्या लांबट पट्ट्यात असतील तर ९१० मीटर लागते. एकरी भावात कोणीतरी एक जण बुडतोच. घरामागचे वाडगे, गोठा किंवा कडब्याची गंजी यांना जाळी मारायची असली तरी हिशेब हाच.

दुसरे, माल. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १२ गेजची तार साधारण २.६ मिलिमीटर जाड असते, १४ गेजची २ मिलिमीटर. दिसायला फरक थोडा, पण तेवढ्याच लांबीत लोखंड सुमारे ४० टक्के कमी. काटेरी तारेसाठी आयएस २७८ आणि साखळी जाळीसाठी आयएस २७२१ ही भारतीय मानके आहेत. बिलावर गेज, वजन आणि मानक लिहून घ्यावे. खांब किती अंतरावर, खड्डा किती खोल, कोपऱ्याच्या खांबाला टेकू आहे की नाही, तारेचे पदर किती, हेही लिहावे. डुकरासाठी खालचे पदर दाट हवेत, रोह्यासाठी उंची हवी.

तिसरे, पैसा. इसार द्यावा, माल आल्यावर हप्ता द्यावा, काम मोजून पुढचा द्यावा आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखावी. दुरुस्ती किती दिवस फुकट आणि नंतर कोणत्या दराने, हे आधीच ठरावे. पण ठरल्या तारखेला पैसे देणे हाही कराराचाच भाग आहे. व्यापारी आपले चुकारे लटकावतो तेव्हा आपण रस्त्यावर उतरतो. मग खांब रोवणाऱ्याला ‘कापूस विकल्यावर पाहू’ म्हणणे कोणत्या न्यायात बसते?

चौथे, हद्द. धुऱ्याचा वाद असेल तर आधी सरकारी मोजणी, मग खड्डे. वहिवाटीचा रस्ता तारेने अडवू नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतो. तार जाते आणि भाऊबंदकी राहते.

आता सर्वांत मोठ्या बचतीची गोष्ट. पाच-पाच चौरस एकरांच्या चार शेजाऱ्यांनी वेगवेगळे कुंपण केले तर मिळून सुमारे २,२७५ मीटर लागते. चौघांचे वीस एकर एका चौकोनात घेतले तर सुमारे १,१४० मीटर, म्हणजे बरोबर निम्मे. खांब निम्मे, मजुरी निम्मी. एवढे अनुदान कोणते सरकार देणार आहे? चौघांचे काम एकत्र आले की गावच्या कारागिरालाही ते परवडते.

झटका मशीनबद्दल दोन शब्द. २०१५ साली सुरू झालेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदतीची सोय झाली. हे यंत्र क्षणभराचा झटका देते आणि सोडते. पण गवत तारेला टेकले, बॅटरी उतरली किंवा उन्हाळ्यात अर्थिंगची जमीन कोरडी पडली की ती तार धुणे वाळत घालायच्या कामाची. म्हणून यंत्र घेताना गावातला आयटीआय शिकलेला एक पोरगा त्याच्या दुरुस्तीत तयार करून घ्यावा. आणि खांबावरची वीज थेट तारेत कोणीही, कधीही सोडू नये. ती वीज पकडले की सोडत नाही. तिला डुक्कर आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही. तो गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात आपलीच माणसे मरतात.

जनावरे सरकारची आणि नुकसान शेतकऱ्याचे, या व्यवस्थेविरुद्धचे भांडण चालूच राहील. कुंपण बांधले म्हणजे ते भांडण मिटले असे नाही. पण तोवर खिशातला जो पैसा तारेत जाणार आहे, तो मोजून जावा आणि गावात राहावा. बैठकीला येताना शेजारच्या तिघांना सोबत आणा आणि चौघांच्या गटांचा नकाशा घेऊन या. बाकीचा हिशेब तिथेच बसून करू.