समासातले आकडे आणि गोंडी वाचक
गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीकडे गोंडी बोलली जाते. अशा भाषेत बायबल आणायचे, तर भाषांतर झाल्यावर एखादी तयार इंग्रजी संदर्भसूची घ्यावी आणि तिचे आकडे समासात बसवावेत, असा एक सोयीचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे.

समासातील संदर्भ म्हणजे एका वचनाशेजारी दिलेला दुसऱ्या, संबंधित वचनाचा पत्ता. उदाहरणार्थ मार्क १:३ शेजारी यशया ४०:३. अशी प्रसिद्ध सूची म्हणजे ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’. सुमारे पाच लाख संदर्भ. लंडनच्या सॅम्युअल बॅगस्टर यांनी ती १८३०च्या दशकात प्रकाशित केली. आजही ती सर्रास आर. ए. टॉरी यांच्या नावावर खपते. टॉरींचा जन्म १८५६चा! नंतरच्या एका आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली, एवढाच त्यांचा संबंध. ज्यांनी ग्रंथाचा कर्ता तपासला नाही, त्यांनी पाच लाख नोंदी तपासल्या असतील काय?

आणि तपासल्यावाचून गत्यंतर नाही. प्रेषितांची कृत्ये २:१७ मध्ये पेत्र योएलचे वचन उद्धृत करतो. इंग्रजी परंपरेत ते योएल २:२८. हिब्रू ग्रंथात तेच ३:१. हिब्रू योएलच्या दुसऱ्या अध्यायात अठ्ठाविसावे वचनच नाही.

आकड्याची चूक निदान पकडता येते. अर्थाची लादणूक दिसतही नाही. यशया ७:१४ मधील ‘अल्मा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. मत्तय १:२३ मध्ये जुन्या ग्रीक भाषांतराला अनुसरून ‘पार्थेनॉस’, म्हणजे कुमारी, असा शब्द आला. शेजारी मत्तयाचा पत्ता छापला की वाचक यशयातही कुमारीच वाचू लागतो. श्रद्धावंताने तसे अवश्य वाचावे. मात्र सूची तटस्थ आहे, असे कोणी सांगू नये. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी भाषांतराला बसल्या (ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले). मुळाशी जाण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही.

गोंडीपुढे आणखी एक अडचण आहे. छिंदवाड्याचे मिशनरी जेम्स डॉसन यांनी १८७०च्या दशकात शुभवर्तमान गोंडीत आणले. लहान भाषांत आधी शुभवर्तमान आणि जुना करार पुढे कधीतरी, हा क्रम नेहमीचाच. मग मार्कच्या समासात ‘यशया ४०:३’ छापले, तर वाचकाने ते कोठे उघडून पाहावे? तेथे तळटीप हवी: यशया कोण, हे वचन कोणत्या प्रसंगाचे. पुढे यशया गोंडीत येईल, तेव्हा दोन्हीकडचे शब्द शेजारी मांडून ते एकच ठेवावेत की वेगळे, हे गोंडी बोलणाऱ्यांनाच ठरवावे लागेल.