बुधवारचे बंद दार

मे महिन्याच्या अखेरच्या बुधवारी जगभर पाणमांजर दिन पाळला जातो. योगायोग असा की, भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या साप्ताहिक सुटीचा वारही बुधवारच होय. शाळा बंद, गिरगाव, दादर, परळ, लालबागहून मुले उत्साहाने निघालेली, आणि पुढे कुलूप! ही निराशा आम्ही समजू शकतो. परंतु प्राणिसंग्रहालयाने प्राणी नुसता दाखवावयाचा नसून त्याचा वंशही वाढवावयाचा असेल, तर ह्या बंद दाराचे मोल ओळखले पाहिजे.

आखूड नख्यांचे लहान पाणमांजर हे याचे बोलके उदाहरण होय. पाणमांजरांच्या सर्व जातींत ही सर्वांत लहान. वजन जेमतेम तीन-साडेतीन किलो. आपल्या देशात ती पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्येकडे आढळते. कोकणात दिसणारे पाणमांजर याहून मोठ्या जातीचे. ह्या गोजिरवाण्या प्राण्याला घरात पाळण्याची हौस परदेशांत इतकी बोकाळली की, २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारावर बंदी घालावी लागली.

वस्तुतः हा प्राणी एकत्र कुटुंबात राहणारा आहे. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर जन्मलेल्या पिलांचे डोळे उघडावयास पाच-सहा आठवडे लागतात. बाप अन्न आणतो, थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळतात. पोहणेसुद्धा पिलांना शिकवावे लागते. म्हणून त्या दिवसांत हौदातील पाणी उथळ हवे आणि अंग सुकविण्यास कोरडी जागा हवी. बंदिवासात ह्या जातीस मूतखडे होतात, तेव्हा आहारावर पशुवैद्याची नजर हवी. आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे शांतता हवी. गलबल्याने बिथरलेली आई पिलांना तोंडात धरून सैरावैरा हिंडू लागली, तर ती दगावण्याचा धोका असतो.

मुंबईला हा धडा अगदीच नवा नाही. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आले. लोकांना दर्शन घडण्यापूर्वीच त्यांतील एक दगावला. ऑगस्ट २०१८ मध्ये जन्मलेले पहिले पिलू आठवडाभरात गेले. २०२१ पासून मात्र पिले जगू लागली. जीव जगविणे हे इमारत उभारण्याहून संथ व अवघड काम आहे, हेच यातून दिसते.

करदात्यांच्या पैशावर चालणारी बाग करदात्यांच्या मुलांना प्राणी का दाखवू नये, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. परंतु जे पाहावयाचे ते जिवंत राहिले, तरच पाहण्याच्या हक्काला अर्थ उरतो. १८६२ पासून मुंबईकरांच्या पिढ्यांना रिझविणाऱ्या ह्या बागेत उद्या पाणमांजरे आणावयाची झाल्यास, महापालिकेने जोडीच्या आधी त्यांच्या विणीची आडोशाची जागा, जाणता रखवालदार व नियमित पशुवैद्य यांची तरतूद करावी. पिले लहान असेतो तो भाग खुशाल बंद ठेवावा. बाहेर पडद्यावर मुलांना त्यांचे बाळपण दाखवावे.

बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांची झुंबड उडू न देण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. तीच रीत पिंजऱ्यापाशीही पाळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.