मागची रांग, पुढचा श्रोता

कॉलेजच्या ग्रुपवर एखाद्या मैफलीचं पोस्टर पडलं की पुढच्या पाच मिनिटांत काय होणार, हे ठरलेलं असतं. दोघं-तिघं ‘जाऊया ना!’ म्हणतात. कुणीतरी बुकिंगची लिंक उघडतं. सीटचा नकाशा येतो, पहिल्या रांगांचा भाव दिसतो आणि ‘परवडत नाही यार, यूट्यूबवर ऐकू’ यावर विषय संपतो. नकाशा खाली सरकवून बाल्कनीचा भाव बघायचे कष्ट कुणी घेत नाही. कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पुढची सीट म्हणजे भारी आणि मागची सीट म्हणजे नाइलाज.

मला हे साफ चुकीचं वाटतं. विद्यार्थ्यांनी स्वस्त तिकीट बिनधास्त काढावं, पण डोकं लावून काढावं. आणि सभागृहांनी, आयोजकांनी ते तिकीट मानाने विकावं. ‘तरुण मुलं मैफलींना येतच नाहीत’ अशी तक्रार आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. येणार कुठून? आम्हाला कुठे बसवायचं याचा विचार कुणी केलाय का?

भाव डोळ्यांचा, ऐकायचं कानांनी

तिकिटाचा भाव बहुतेक ठिकाणी एकाच हिशेबाने ठरतो. स्टेज जवळ तेवढे पैसे जास्त. गायकाच्या चेहऱ्यावरचे भाव, सतारीवरची बोटं बघायची असतील तर ते ठीकच आहे. पण आवाज असा रांगेरांगेने स्वस्त होत मागे येत नाही. त्याचं गणित वेगळं असतं.

सिंफनी ऑर्केस्ट्रा घ्या. अगदी पहिल्या रांगेत बसलात तर जवळची व्हायोलिन्स कानावर आदळतात. मागे बसलेले बासरीवाले, ट्रम्पेटवाले धड दिसत नाहीत आणि सगळ्या वाद्यांचा तोलही साधत नाही. तोच ऑर्केस्ट्रा बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून ऐकला तर आवाज एकजीव होऊन येतो. शिवाय कोण कधी वाजवतंय हे वरून स्पष्ट दिसतं. पियानोचा कार्यक्रम असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची सीट घ्या, कारण वाजवणाऱ्याचे हात तिथूनच दिसतात. कथक असेल तर पहिली रांग टाळलेली बरी. स्टेज उंच असेल तर पावलंच दिसत नाहीत, आणि पावलं दिसली नाहीत तर कथक बघितलं काय आणि रेडिओवर ऐकलं काय!

आपल्याकडच्या बहुतेक गझल, भावगीत किंवा फ्यूजनच्या कार्यक्रमांत माइक असतोच. म्हणजे तुम्ही ऐकता तो आवाज कलाकाराच्या गळ्यातून थेट येत नाही, स्पीकरमधून येतो. अशा वेळी पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची ही सगळ्यात फसवी. एका बाजूचा स्पीकर कान किटवतो, दुसऱ्या बाजूचा ऐकूच येत नाही. मग चांगली जागा कुठली? सोपी खूण सांगते. साउंडवाल्याचा मिक्सर कुठे मांडलाय ते बघा. तो माणूस संध्याकाळभर स्वतःच्या कानाने ऐकूनच आवाज जुळवत असतो. त्याच्या आसपास जे ऐकू येतं, तेच त्याला सगळ्यांना ऐकवायचं असतं. हा मिक्सर बहुतेक वेळा सभागृहाच्या मधोमध, जरा मागे असतो. म्हणजे आपल्या बजेटच्या जवळपास.

एक जागा मात्र जपून घ्या. खालच्या मजल्यावरच्या अगदी शेवटच्या रांगा, जिथे डोक्यावर बाल्कनीचं छत आलेलं असतं. छतावरून परतून येणारा आवाज तिथे पोचत नाही, त्यामुळे गाणं दबल्यासारखं वाटतं. त्याच्या बरोबर वर, बाल्कनीत, आवाज कितीतरी मोकळा असतो. गंमत म्हणजे बऱ्याचदा बाल्कनीच स्वस्त असते.

सभागृहाचाही स्वभाव असतो. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते बांधताना आपल्या रागसंगीताचा विचार केला होता. रांगा पंख्यासारख्या पसरलेल्या आणि आवाज माइकशिवाय पोचावा अशी रचना. अशा ठिकाणी मागची सीट घ्यायला काहीच हरकत नाही. किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहाचं तसं नाही. तिथे अडीच हजारांहून जास्त खुर्च्या आहेत. वरच्या बाल्कनीतून गायक बोटाएवढा दिसतो. तिथे नुसतं ऐकायला जायचं असेल तर वरचं तिकीट चालेल, नृत्य बघायचं असेल तर थोडे पैसे वाढवून खाली यावं. ‘कुठली सीट चांगली?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी विचारायचं, ‘मी बघायला चाललेय की ऐकायला?’

हिशेब कागदावर मांडा

नकाशात आणखी एक गोष्ट शोधायची. जिथे महाग रांगा संपतात आणि स्वस्त रांगा सुरू होतात ती सीमारेषा. समजा, हजार रुपयांची शेवटची रांग ‘के’ आहे आणि पाचशेची पहिली रांग ‘एल’. दोन्हींत अंतर किती, तर पुढच्याच्या डोक्यापासून आपल्या गुडघ्यापर्यंत. तेवढ्यासाठी निम्मे पैसे वाचतात. बुकिंग उघडलं की सगळे पुढच्या रांगांवर तुटून पडतात. आपण सरळ ‘एल’च्या मधल्या खुर्च्या धरायच्या.

दुसरं, कर. पाचशे रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या, नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. पाचशेच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. त्यामुळे सातशेचं तिकीट, कर धरलेला नसेल तर, ८२६ ला पडतं. ऑनलाइन काढलं तर वर कन्व्हिनियन्स फी आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. चौघांची तिकिटं काढताना हा आकडा एका संध्याकाळच्या वडापाव-चहाचं बिल सहज गिळतो. म्हणून सभागृह कॉलेजच्या वाटेवर असेल तर तिकीट खिडकीवर जा. तिथे फी वाचते, शिवाय खिडकीमागच्या माणसाला ‘खांब आडवा येतो का हो?’ असं विचारता येतं. कुठलंही ॲप या प्रश्नाचं उत्तर इतक्या प्रामाणिकपणे देत नाही. विद्यार्थी सवलत आहे का, हेही तिथेच विचारा आणि आयकार्ड खिशात ठेवा.

तिसरं, घरी परतणं हाही तिकिटाचाच भाग आहे. कार्यक्रम लांबला, शेवटची बस गेली आणि रिक्षाला तीनशे मोजले, तर स्वस्त तिकीट कसलं? ज्यांना हॉस्टेलचं गेट गाठायचंय किंवा कर्जत लोकल पकडायचीय, त्यांनी कडेची, दाराजवळची सीट घ्यावी. भैरवी सुरू असताना पंधरा जणांच्या पायांवरून जाण्यापेक्षा ते बरं. मुलींना तर घरून पहिला प्रश्न हाच येतो, ‘सुटणार किती वाजता?’ सीटच्या नकाशाइतकाच बसचा टाइमटेबल महत्त्वाचा आहे, हे आयोजकांच्या क्वचितच लक्षात येतं.

चौथं, एकटं जायला शिका. ग्रुपसाठी सलग सहा खुर्च्या शोधाल तर शेवटच्या रांगेशिवाय काही मिळणार नाही. एकटी सुटी खुर्ची मात्र चांगल्या रांगेतही अगदी शेवटच्या दिवसापर्यंत उरलेली असते. आणि इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर ‘दोन तिकिटं एक्स्ट्रा आहेत’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला यूपीआय करू नका. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो, आत मात्र एकच जण जातो.

‘राखीव’ नावाचा कागद

इथपर्यंत झालं आपल्या हातातलं. पण सगळं शहाणपण विद्यार्थ्यांनीच का दाखवायचं?

कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाला जा. पहिल्या तीन-चार रांगांमध्ये खुर्च्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले दिसतील. प्रायोजक, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. कार्यक्रम सुरू होतो, मध्यंतर होतं, तरी त्यातल्या कितीतरी खुर्च्यांवर कागदच बसून असतो. मागे बाल्कनीत आम्ही माना उंच करून बघतोय आणि पुढे कागद गाणं ऐकतोय! कलाकारालाही समोर काय दिसतं? रिकाम्या खुर्च्या.

आयोजकांची बाजू मला कळते. सभागृहाचं भाडं, कलाकारांचं मानधन, साउंड, लाइट हा सगळा खर्च आमच्या तीनशेच्या तिकिटांतून निघत नाही. प्रायोजक लागतात आणि प्रायोजकांना पास लागतात. मान्य. आम्ही फुकटही मागत नाही. फुकट पासची किंमत कुणाला नसते, म्हणून तर त्या खुर्च्या रिकाम्या राहतात. पण कार्यक्रम सुरू झाल्यावर रिकाम्या खुर्चीतून किती पैसे मिळतात? शून्य. तिथे शंभर-दीडशे रुपये देणारा विद्यार्थी बसला तर नुकसान कुणाचं?

आपल्या नाट्यगृहांमध्ये यासाठी सोय आधीच आहे. तिसरी घंटा! तिसरी घंटा झाली की राखीव कागद निघाले पाहिजेत आणि त्या खुर्च्या आयकार्ड दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळाल्या पाहिजेत. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी बाल्कनीत बसावं. आवाज तिथेही छान असतो, हे वर सांगितलंच आहे.

हे काही स्वप्नरंजन नाही. लंडनमध्ये १८९५ मध्ये रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वूड यांनी प्रॉम्स सुरू केले, ते स्वस्त तिकिटांवर. सामान्य माणसाला हळूहळू, सोप्या पायऱ्यांनी अभिजात संगीताकडे आणायचं, हा न्यूमनचा उघड हेतू होता. १९४१ पासून हे कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात. तिथे उभं राहून ऐकायचं तिकीट २०२४ मध्ये ८ पौंडांना होतं. आणि ही उभी राहायची जागा कुठे? ऑर्केस्ट्राच्या अगदी समोर. सगळ्यात स्वस्त तिकीटवाला सगळ्यात पुढे, महाग खुर्च्या त्याच्या मागे आणि वर!

इतक्या लांबही जायला नको. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकही असते. तिचं तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त. शाल, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन जमिनीवर मांडी घालणारा तिथला श्रोता कुणाहून कमी दर्जाचा मानला जात नाही. उलट खरी दाद तिथूनच येते असं जुने श्रोते सांगतात. कोल्डप्लेसारख्या बँडनेही जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत आले तेव्हा काही तिकिटं दोन हजारांना ठेवली होती. जोडीनेच घ्यायची आणि सीट कुठली ते त्याच दिवशी कळणार. म्हणजे जगभर ज्यांचे शो हाउसफुल्ल होतात, त्यांनाही खिसा रिकामा असलेला श्रोता हवा असतो. कारण उद्या त्याचाच खिसा भरणार असतो.

म्हणून आयोजकांकडे साध्या तीन मागण्या. एक, तिकिटाचा भाव सगळे कर आणि फी धरून पहिल्याच पानावर दाखवा. दोन, ज्या सीटवरून खांब, कठडा किंवा कॅमेऱ्याचा स्टँड आडवा येतो, तिथे तसं स्पष्ट लिहा आणि भाव कमी करा. तीन, तिसऱ्या घंटेनंतर राखीव खुर्च्या विद्यार्थ्यांना विका. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही.

आणि आपल्याकडूनही एक. प्रत्येक कॉलेजात कला मंडळ असतं, ते गॅदरिंगपुरतंच का राबवायचं? जवळच्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना एक पत्र लिहा, तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या आणि पुढच्या कार्यक्रमाला विद्यार्थी तिकीट ठेवा म्हणून सांगा. पत्राखाली किती जण नक्की येणार तो आकडा लिहा आणि तेवढे जण खरंच जा. तीस तिकिटांची खात्री मिळाली की कुठलाही आयोजक निदान बोलायला तरी बसवतो.

तोपर्यंत बाल्कनीची पहिली रांग आपली. मधल्या खुर्च्या लवकर जातात, तेवढं लक्षात ठेवा.