वयाचा बीजसंस्कार

महाराष्ट्रात वयाची साठ वर्षे पूर्ण होण्याला जे महत्त्व दिले जाते ते केवळ आणखी एक दशक सरल्यामुळे दिले जात नाही, तर त्यामागे आकाशाचे एक जुने गणित आहे. गुरू आपली प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांत आणि शनी सुमारे २९.४६ वर्षांत पुरी करतो, त्यामुळे गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या साठ वर्षांच्या आसपास एकत्र येतात. प्रभव, विभव अशा नावांच्या ६० संवत्सरांचे, म्हणजे नाव दिलेल्या वर्षांचे, जे चक्र पंचांगात चालते त्याचा या मेळाशी निकटचा संबंध आहे. शके १८८८ मध्ये, म्हणजे १९६६-६७ साली, पराभव संवत्सरात जन्मलेल्या माणसाला शके १९४८ मध्ये तेच नाव पुन्हा भेटते, आणि त्या निमित्ताने होणाऱ्या विधीला षष्ट्यब्दिपूर्ती किंवा उग्ररथ शांती म्हणतात. पन्नाशीच्या वैष्णवी शांतीपासून शंभरीच्या महामृत्युंजय शांतीपर्यंत दर पाच वर्षांनी एक शांती सांगणारी जी परंपरा आहे, तिच्यातील ही सर्वाधिक रुळलेली शांती होय. सहस्रचंद्रदर्शनाचे गणितही असेच नेमके आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमांना ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. तेवढ्या काळात सौर महिने ९७० होत असले तरी अधिकमासांमुळे चांद्र महिन्यांची संख्या हजारावर पोचते.

या विधींबरोबर आता सभागृह, गौरवग्रंथ आणि उत्सवमूर्तीचे मनोगत हेही आले आहे. मनोगतात आयुष्याने काय शिकवले याची यादी असते आणि ती ऐकणाऱ्यांना आवडतेही. परंतु त्या यादीत बहुधा तेवढेच येते जे माणसाला आधीपासून पटलेले होते आणि अनुभवाने ज्याला दुजोरा दिला. विशीत बांधलेली कोणती समजूत साठीपर्यंत चुकीची ठरली, कोणत्या माणसाविषयीचे मत बदलावे लागले, कोणते गणित जमेनासे झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वयाच्या टप्प्यावर विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी, चुकलेले गणित आकाशाशी ताडून सुधारू पाहणाऱ्या राजाने वसवलेल्या जयपूरइतके योग्य शहर भारतात दुसरे नसावे.

जयपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे वाढदिवसाच्या तिथीचा प्रश्न येतो तेव्हाच पहिली अडचण उभी राहते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, या पद्धतीला अमान्त म्हणतात. राजस्थानात तो पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धत होय. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असले तरी वद्य पक्षात ते बदलते: मराठी पंचांगातील श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे गोकुळाष्टमी, जयपूरच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. संवत्सराचे नावही जुळत नाही. नर्मदेच्या दक्षिणेस दर वर्षाला एक नाव देऊन चक्र पुढे चालते. उत्तरेस मात्र गुरूच्या मध्यम गतीने एक रास ओलांडायला लागणारा सुमारे ३६१ दिवसांचा काळ म्हणजे एक संवत्सर धरतात आणि त्यामुळे सुमारे ८५ वर्षांनी एका नावाचा क्षय होतो. परिणामी ६० सौर वर्षांत तिथे सुमारे ६०.७ संवत्सरे होतात, आणि पुण्याच्या हिशेबाने जन्मसंवत्सर परत आलेला माणूस जयपूरच्या हिशेबाने पुष्कळदा पुढच्या नावात शिरलेला असतो. माणूस तोच, दिवस तोच, आकाशही तेच. भेद फक्त मोजण्याच्या रीतीत आहे. दुसऱ्याच्या मोजणीत स्वतःचे वय पाहण्याची संधी ज्याला मिळाली, त्याला स्वतःची मोजणी ही एकमेव मोजणी नव्हे हे निराळे सांगावे लागत नाही.

या शहराचा संस्थापक सवाई जयसिंह याचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ चा, आणि जयपूरची स्थापना १८ नोव्हेंबर १७२७ ची. म्हणजे वयाची ३९ वर्षे पुरी करून चाळिसाव्यात प्रवेश केल्यावर पंधरवड्याच्या आत त्याने नव्या राजधानीचा पाया घातला. याच सुमारास त्याच्या मनात ग्रहगणिताची दुरुस्ती घोळत होती. ‘झीज’ म्हणजे ग्रहांची स्थाने काढण्यासाठी तयार केलेल्या कोष्टकांचा ग्रंथ. जयसिंहाच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत असा आशय आहे की, समरकंदच्या उलुगबेगाच्या कोष्टकांसह प्रचलित ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष वेधाने, म्हणजे निरीक्षणाने, मिळणारी स्थाने यांत मोठा फरक पडतो, आणि म्हणून आकाश नव्याने पाहणे भाग आहे. त्याने प्रथम पितळेची यंत्रे करवली. परंतु ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात व डगमगतात, वर्तुळांची केंद्रे सरकतात, असे आढळल्यावर त्याने चुना आणि दगड यांची अचल यंत्रे बांधली. शिवाय एका ठिकाणच्या निरीक्षणावर विसंबून न राहता दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या, जेणेकरून एकाचा वेध दुसऱ्याने पडताळावा. पोर्तुगालला पाठवलेले त्याचे शिष्टमंडळ १७३० मध्ये फिलिप द ला हीर याची युरोपीय कोष्टके घेऊन परतले, तेव्हा तीही त्याने तशीच न स्वीकारता आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक दाखवली. ग्रंथ आपला असो वा परका, जुना असो वा नवा, त्याची कसोटी एकच ठेवण्याची ही वृत्ती राजपदावर बसलेल्या माणसात आढळावी हे विशेष आदरास पात्र आहे.

जयपूरच्या जंतरमंतरमधील, म्हणजे तिथल्या वेधशाळेतील, सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ. त्याच्या तिरप्या भिंतीची कड ध्रुवाच्या दिशेने, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकी, सुमारे २७ अंशांत कललेली आहे, आणि तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने सरकताना डोळ्यांना दिसते. त्या वर्तुळखंडांवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा कोरलेल्या आहेत. परंतु सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, आणि तेवढे अंतर ओलांडायला त्याला दोन मिनिटे लागतात. म्हणून सावलीची कड रेघेसारखी स्पष्ट न पडता रुंद पट्ट्यात विरत जाते, आणि नेमकी वेळ ठरवण्यासाठी निरीक्षकाला बारीक काडी किंवा दोरा धरून ती कड शोधावी लागते. मोजपट्टी कितीही सूक्ष्म असली तरी ज्याचे माप घ्यायचे त्याची कडच धूसर असेल तर पाहणाऱ्याच्या सरावाला आणि सचोटीला पर्याय नाही. वयाचे तसेच आहे. वर्षे, महिने आणि दिवस अचूक सांगता येतात. पण धीर कुठे संपला आणि भीती कुठे सुरू झाली, कर्तव्य कुठे थांबले आणि हट्ट कुठे लागला, या कडा साठाव्या वर्षीही पुसटच असतात, आणि त्या ठळक असल्याचे जो सांगतो त्याने नीट पाहिलेले नसते.

सम्राट यंत्राची वेळ आणि मनगटावरील घड्याळाची वेळ जुळत नाही, हेही तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात येते. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेस असल्यामुळे तेथील मध्यम स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटे मागे असते, आणि पृथ्वीच्या गतीतील चढउतार आणि तिच्या आसाचा कल यांमुळे हा फरक नोव्हेंबरच्या आरंभी १० मिनिटांपर्यंत उतरतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिनिटांपर्यंत वाढतो. दोन्ही वेळा आपापल्या जागी बरोबर आहेत. समवयस्कांच्या बढत्या, घरे आणि मुलांची लग्ने यांच्याशी स्वतःचे आयुष्य ताडून पाहत जे लोक वयाचा प्रत्येक टप्पा खिन्नतेत घालवतात, त्यांनी हा फरक समजून घेण्याजोगा आहे, कारण प्रमाणवेळ ही आगगाड्यांसाठी आवश्यक अशी सोय आहे, पण माध्यान्ह मात्र प्रत्येक गावाची वेगळी असते.

जयसिंहाच्या या उद्योगात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता, आणि त्याची ओळख महाराष्ट्राला असावी तेवढी नाही. महाराष्ट्रातील वैदिक कुळात जन्मलेला जगन्नाथ सम्राट हा जयसिंहाच्या दरबारातील ज्योतिषी. वेदविद्येत आणि संस्कृतात तयार झालेल्या या पंडिताने जयसिंहाच्या सूचनेवरून अरबी आणि फारसी या भाषा शिकून घेतल्या. नसीरुद्दीन तूसी याच्या अरबी आवृत्तीवरून त्याने युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत रूपांतर केले, ज्यात १५ अध्याय आणि ४७८ सिद्धांत आहेत; टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा ग्रंथही त्याने संस्कृतात आणला. परंपरेने पूज्य मानलेल्या विद्येत पारंगत असताना परक्या लिपीची अक्षरे पुन्हा गिरवायला बसणे, शिष्यांच्या देखत स्वतः शिष्य होणे, हे बुद्धीपेक्षाही मनाच्या मोठेपणाचे काम आहे. उतारवयात जे लोक संगणक, नवी भाषा किंवा सुनेच्या माहेरची रीत शिकण्यास संकोचतात, त्यांना हा दाखला दूरचा वाटू नये.

जुन्या ग्रंथांच्या गणितात वेधावरून जी दुरुस्ती केली जाते तिला भारतीय ज्योतिषात बीजसंस्कार म्हणतात, आणि गणित व दर्शन जुळले की दृक्प्रत्यय आला असे म्हणतात. महाराष्ट्रात या कामाची थोर परंपरा आहे. कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञाने स्वतः वेध घेऊन ग्रहांच्या गतीतील अंतरे नोंदवली आणि पुढच्या गणकांनीही तसेच करत राहावे असे सांगून ठेवले. त्याचा मुलगा गणेश याने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा सुटसुटीत ग्रंथ रचला, ज्यावरून महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके तयार होत राहिली. मात्र काळाच्या ओघात ‘ग्रहलाघवा’चे गणितही आकाशापासून ढळले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, नव्या वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू केले, तेव्हा ते थोड्याच लोकांनी स्वीकारले, कारण ज्या ग्रंथाचा जन्मच दुरुस्तीतून झाला होता तोच आता अढळ मानला जात होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात ही सारी कथा विस्ताराने मांडली आहे. तिशीत वडिलांच्या मताविरुद्ध झगडून मिळवलेला विचार साठीत मुलांपुढे अंतिम सत्य म्हणून ठेवणारे पुष्कळ सज्जन याच वाटेने जातात; त्यांनी एकदा बीजसंस्कार केलेला असतो, एवढेच त्यांना आठवते, आणि तो पुन्हा करावा लागतो हे मात्र विसरायला होते.

धोंडो केशव कर्वे हे याला मोठे अपवाद. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्याचा आढावा घेऊन थांबावे असे ते वय होते, आणि विधवांच्या शिक्षणाचे त्यांचे काम तोवर स्थिरही झाले होते. परंतु जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणाऱ्या एका पुस्तिकेने त्यांना नवा विचार दिला आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. समता संघ त्यांनी १९४४ मध्ये काढला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. सिंहावलोकन झाल्यावर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विशाल काम सुरू झाले, ही गोष्ट त्यांच्या शंभरीपेक्षा आणि १९५८ च्या भारतरत्नापेक्षाही अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

टप्प्यावर उभे राहून मागे पाहताना देणी आणि अन्याय यांचीही नोंद घ्यावी लागते. मराठी वाचकाने जयपूरच्या संदर्भात फक्त जगन्नाथ सम्राट आठवून भागणार नाही. जयसिंह १७४३ मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी वारला. त्यानंतर वारसाहक्काचा कलह माजला, मराठी सरदारांनी त्यात पैशासाठी हात घातला, आणि १७५० च्या डिसेंबरात खंडणीच्या तगाद्याखाली, मल्हारराव होळकरांची फौज चालून येत असताना, गादीवर बसलेल्या जयसिंहाच्या मुलाने, ईश्वरीसिंहाने, आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात शहरात क्षोभाचा स्फोट होऊन शेकडो मराठी माणसे मारली गेली. शौर्याच्या कथा सांगताना हे पान उलटून पुढे जाण्याची सवय मराठी इतिहासलेखनाने सोडली पाहिजे, आणि जी शिस्त समाजाने पाळावी तीच व्यक्तीनेही स्वतःच्या साठीला पाळावी. ज्याला दुखावले त्याचे नाव मनोगतात घेता आले नाही तरी त्याच्या घरी जाऊन यावे.

जयसिंहानंतर वेधांचे काम मंदावले, यंत्रे मोडकळीस आली, आणि त्यांची मोठी दुरुस्ती १९०१ साली सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात झाली. जंतरमंतरचा २०१० मध्ये आणि परकोटाच्या आतील जुन्या शहराचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १८ नोव्हेंबर २०२७ रोजी जयपूरला ३०० वर्षे पूर्ण होतील. त्या सोहळ्यात रोषणाई आणि मिरवणुका होतीलच. पण शाळकरी मुलांना सम्राट यंत्राशी बसवून वर्षभर रोज माध्यान्हीची वेळ नोंदवून घेतली आणि ती जुन्या कोष्टकांशी ताडून छापली, तर शहराच्या संस्थापकाला तेच अधिक मानवले असते. आणि महाराष्ट्रातील असो वा जयपुरातील, ज्या मराठी घरात यंदा साठीशांत ठरली आहे, त्या घरातील मुलांनी निमंत्रणपत्रिका छापायला देण्यापूर्वी आईवडिलांजवळ एक संध्याकाळ बसावे, त्यांची कोणती मते आयुष्यात बदलली आणि का बदलली हे विचारावे, आणि त्यांच्याच शब्दांत ते लिहून ठेवावे.